न बोलता कळणारी बाई

एकदा एक तरुण शिक्षिका होती. तिच्या वर्गात एक मुलगी होती, आणि त्या मुलीचं सगळं या शिक्षिकेला न बोलता कळत असे. एवढं वाक्य मी कुठल्याही सभागृहात उच्चारलं, की पुढच्या रांगेतून एक सुस्कारा ऐकू येतो. कौतुकाचा असतो तो. मला त्या सुस्काऱ्याचा राग येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी मनाला लावून घ्यायला नको.

शाळा एका तालुक्याच्या गावाबाहेर होती. विशेष मुलांची शाळा, आणि तिला लागून वसतिगृह. चालवणारे एक वृद्ध गुरुजी. त्यांचं नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की माणसं हार घेऊन पोचतात, आणि हार घेऊन आलेल्यांना गुरुजी विचारत, "मुलांना पायमोजे घालायला शिकवायचंय, थांबता का तीन महिने?" मग हार टेबलावर राहायचा आणि माणसं गाडीत बसायची.

शिक्षिकेचं नाव शलाका. पदविका घेऊन थेट इथं आली, त्याला चार वर्षं झाली होती. हुशार, मायाळू, कामाला वाघ. पाहुणे तिला म्हणत, "तुमच्यात फार संयम आहे हो, आम्हाला नसतं बाई जमलं." अशी माणसं मी आयुष्यभर पाहिली. संयम म्हणजे काय हे त्यांना कुठून ठाऊक असणार? सकाळी वर्ग उघडावा तर एकानं स्वतःचा शर्ट दातांनी फाडलेला असतो. दुसरीला आकडी येऊन गेलेली असते. तिसरा चार महिने 'एक' या आकड्यापाशी बसलेला असतो, शुक्रवारी त्याला 'एक' येतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि सोमवारी तो 'एक' घरी विसरून येतो. तोंड पुसायचं, चड्डी बदलायची, चावा सोडवायचा, आणि मधल्या वेळात फाईल लिहायची. संयम वगैरे काही नसतं. संताप असतो, आणि तो गिळून पुन्हा 'एक' काढायचा असतो.

आता ती मुलगी. तिचं नाव कस्तुरी, वय सतरा. बोलणं अजिबात नाही. आई दुसऱ्या तालुक्यात एका शाळेत खिचडी शिजवायची आणि शनिवारी भेटायला यायची. कस्तुरीनं ओठ आत ओढले की शलाका तिला बाथरूमकडे नेई. खांदे वर घेतले की पंखा बंद करी. डाव्या हाताची बोटं उघडमीट करू लागली की ताकाची वेळ झाली, आणि बोटं दोनदा मिटायच्या आत शलाका पेला पुढे करी. पाहुणे थक्क होत. आणि खोटं कशाला बोलू, शलाकालाही ते थक्क होणं आवडायचं. कुणाला नाही आवडणार?

या शाळांत प्रत्येक मुलाचा एक आराखडा असतो. वर्षभरात काय शिकवायचं, काय साधलं, याचा तक्ता. कस्तुरीच्या तक्त्यात एक ओळ होती : 'गरजा व्यक्त करते.' त्यापुढच्या रकान्यात शलाकानं 'साध्य' अशी खूण केली होती, आणि खाली गुरुजींची सही होती. कपाटात चाळीस चित्रं होती, शलाकानं स्वतः काढलेली, प्लास्टिकचं आवरण घातलेली : ताक, पाणी, झोप, दुखतंय, नको. तपासणी आली की ती भिंतीवर लागत आणि तपासणी गेली की कपाटात जात. वापरायची गरज कधी पडलीच नव्हती. बाईंना कळतच होतं ना सगळं.

आणि एक नियम होता. अठरा पूर्ण झाली की शाळा संपली. जूनमध्ये कस्तुरी दुसऱ्या जिल्ह्यातल्या, अशा मोठ्या झालेल्या मुलींना काम देणाऱ्या एका निवासी कार्यशाळेत जाणार होती. तिथं चाळीस मोठ्या बायका आणि त्यांना सांभाळायला दोघी. आईनं दोन वर्षं खेटे घालून ती जागा मिळवली होती, आणि दुसरी जागा मिळण्याची शक्यता नव्हती.

जानेवारीत शलाकाच्या बहिणीचं लग्न निघालं. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं सहा दिवसांची रजा घेतली. कस्तुरीला वसतिगृहाच्या मदतनीस हौसाबाई यांच्यावर सोपवून ती गेली.

दुसऱ्या दिवशी हौसाबाईंचा फोन आला. "बाई, कस्तुरी जेवंना. तुमची आठवण काढती."

चौथ्या दिवशी पुन्हा आला. "भिंतीवर डोकं आपटती वो. तुमच्याबिगर हिला करमंनाच."

हा दुसरा फोन आला तेव्हा शलाका हळदीच्या कार्यक्रमात होती. तिनं फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला आणि तिथूनच कस्तुरीशी बोलली. मावश्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एक काकू म्हणाली, "पोटच्या पोरीनं नसती लावली एवढी माया लावलीय गं तुला." शलाकाही रडली. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. गुरुजींनी शाळेत ते डोकं आपटणं ऐकलं आणि तेही म्हणाले, "येईल बाई सोमवारी, तोवर जरा सांभाळा."

सोमवारी शलाका आली. कस्तुरी कोपऱ्यात बसली होती, उजवा गाल जरासा वर आलेला. शलाकानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "दाढ आहे."

दाढच होती. खाली गळू पिकलं होतं. डॉक्टरांनी दाढ काढली, पू काढला आणि विचारलं, "पाच-सहा दिवस तरी झाले असतील. एवढ्या ठणक्यात धडधाकट माणूस भिंतीवर डोकं आपटून घेतो. हिनं काहीच सांगितलं नाही?"

आता तो पुढच्या रांगेतला सुस्कारा आठवा. सहा दिवस एक मुलगी ठणकणारी दाढ घेऊन डोकं आपटत होती, आणि शिकलीसवरलेली शहाणी माणसं त्याला प्रेम समजून गहिवरत होती.

शलाका दवाखान्यातून परत आली ती हौसाबाईंवर तुटून पडली. "डोळे फुटले होते का तुमचे? पोर तडफडत होती, आणि तुम्ही मला सांगता आठवण येते म्हणून?"

हौसाबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. "मला काय कळणार बाई? ती काय बोलती का? तिचं तुमास्नीच समजतं."

शलाका तरातरा गुरुजींच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "हौसाबाईंना कामावरून काढा. नाहीतर मी तरी या शाळेत राहत नाही."

गुरुजींनी कस्तुरीची फाईल मागवली. 'गरजा व्यक्त करते' ही ओळ असलेलं पान काढलं, खालची आपली सही एकदा पाहिली, आणि पान उभं फाडून टोपलीत टाकलं. मग म्हणाले, "हौसाबाई राहतील. उद्यापासून तू कस्तुरीच्या समोर बसायचं नाही. पाठीमागे बसायचं. तुझा चेहरा तिला दिसता कामा नये. आणि तिच्याबद्दल तुला जे जे कळतं ते कळेनासं व्हायला हवं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुला ठार काही कळत नाही. मलाही कळत नाही. आपण दोघं मठ्ठ आहोत."

"चूक केली त्यांनी आणि शिक्षा मला?"

"शिक्षा नाही. पण वाटत असेल तर वाटू दे," गुरुजी म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

दाढेची जखम भरल्यावर, दुसऱ्या आठवड्यात, साडेअकराला गुरुजी स्वतः कस्तुरीसमोर जाऊन बसले. ताकाचा पेला त्यांनी आपल्या बाजूला ठेवला. कस्तुरीच्या हाताजवळ ताकाचं चित्र ठेवलं. शलाका मागे स्टुलावर. कस्तुरीनं बोटं उघडमीट केली. गुरुजींनी खिडकीबाहेर पाहिलं. कस्तुरीनं मान वळवून शलाकाला शोधलं, गुरुजींनी शलाकाला खुणेनंच बाजूला सरकायला लावलं. मग कस्तुरी घशातून आवाज काढू लागली आणि स्वतःचं मनगट चावू लागली. गुरुजींनी चावणाऱ्या दातांमध्ये हलकेच टॉवेल सरकवला, आणि पुन्हा तसेच खुळ्यासारखे बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी शलाकाचा धीर सुटला. ती उठून उभी राहिली. 

"तुम्हाला कळतंय तिला काय हवंय. मलाही कळतंय. पेला हातभर अंतरावर आहे. याला शिकवणं म्हणतात? गावात कुणी पाहिलं तर तोंडात शेण घालतील आपल्या."

गुरुजींनी तिला व्हरांड्यात बोलावलं. माणूस एरवी मवाळ, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता.

"बस इथं आणि ऐक. मी ताक अडवलंय, पाणी नाही. तहानेवर शिकवू नये, आवडीवर शिकवावं. तेवढी अक्कल मला आहे. आता तुझं सांगतो. 'गरजा व्यक्त करते' असं तू लिहिलंस. कोण व्यक्त करते? ती बोटं हलवते आणि अर्थ तू लावतेस. चार वर्षं तू तिची जीभ झालीस. मुलीचं कौतुक झालं नाही, जिभेचं झालं. आणि लग्नाला जाताना ती जीभ तू पर्समध्ये घालून घेऊन गेलीस. हौसाबाईंवर ओरडू नकोस. त्यांच्यापाशी काय ठेवून गेली होतीस तू? एक मुकी मुलगी आणि तुझा फोन नंबर."

शलाकानं मान वळवून वर्गाच्या दाराकडे पाहिलं.

"तुझ्यावर चिडलो त्याच्या दुप्पट मी स्वतःवर चिडलोय. सही माझी होती. डोकं आपटलेलं मीही ऐकलं, आणि मलाही ते गोड वाटलं. पस्तीस वर्षं या कामात काढून मला ते गोड वाटलं. जूनमध्ये ती जिथं जाईल तिथं तिचे ओठ, तिचे खांदे, तिची बोटं वाचायला कुणाला सवड असेल? कुणी ताटातलं उचललं, कुणी केस ओढले, कुणी नको तिथं हात लावला, तर ती कुणाच्या डोळ्यांत बघणार? आपल्यापाशी चार महिने आहेत. चार महिन्यांत तीन गोष्टी तिला कुठल्याही परक्या माणसाला सांगता यायला हव्यात. हवंय, दुखतंय, नको. बाकी सगळं राहू दे. आणि तिला राग येतोय त्याला घाबरू नकोस. आजवर मागायची वेळच येऊ दिली नाही आपण, तर रागवायची वेळ कुठून येणार? तिचा राग हेच तिचं पहिलं बोलणं आहे. आत जा, आणि मागे बस."

शलाका आत गेली आणि मागे बसली. तिचा राग गेला नव्हता, फक्त हौसाबाईंकडून तो आता दुसरीकडे वळला होता.

पुढचं काम रटाळ आहे, म्हणून व्याख्यानात ते कुणी सांगत नाही. मी सांगतो. कस्तुरीचा हात पेल्याकडे झेपावला की शलाकानं मागून तिचं मनगट धरायचं, हात चित्रावर न्यायचा, चित्र उचलून गुरुजींच्या तळव्यात ठेवायला लावायचं. तोंडातून अक्षर काढायचं नाही. चित्र तळव्यात पडलं रे पडलं की गुरुजी म्हणत, "ताक," आणि त्याच क्षणी पेला पुढे. दिवसाला वीस वेळा, दरवेळी दोन घोट. तीन आठवड्यांनी शलाकानं मनगट सोडून कोपर धरला. मग नुसता खांद्याला स्पर्श. मार्चच्या मध्यावर तिनं एके दिवशी हात मांडीवर ठेवले. कस्तुरीनं चित्र उचललं, गुरुजींच्या तळव्यात आपटलं, आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होती, इतके दिवस तुम्हाला समजत कसं नव्हतं. मग समोर बसणारं माणूस रोज बदललं. कधी हौसाबाई, कधी स्वयंपाकीण, कधी पोस्टमनलाही धरून बसवलं. फक्त शलाका कधी नाही.

'नको' शिकवायला नावडती वस्तू लागते. कस्तुरीला केळ्याचा वासही सहन होत नसे. म्हणून रोज दुपारी केळं.

"तिला नाही आवडत केळं, मला माहीत आहे," शलाका पहिल्या दिवशी म्हणाली.

"तुला माहीत आहे. हीच तर सगळी पंचाईत आहे," गुरुजी म्हणाले.

'नको'चं चित्र हातात पडलं की केळं मागे घ्यायचं आणि ते कुणीतरी खायचं, कारण गुरुजी अन्न टाकू देत नसत. महिनाभर सगळी केळी त्यांनीच खाल्ली. त्यांनाही ती आवडत नव्हती, हे तिथं काम करणाऱ्या आम्हा लोकांना बऱ्याच वर्षांनी कळलं.

'दुखतंय' मात्र शिकवता येईना. दुखवून कसं शिकवणार? खेळण्यातल्या बाहुलीला पट्टी बांधून पाहिली, ठेच लागलेल्या मुलाच्या पायापाशी तेच चित्र ठेवून पाहिलं. कस्तुरी बघायची आणि तोंड फिरवायची. चित्रं आता तिच्या कमरेला एका कडीत अडकवलेली असत, पण ते एक चित्र तिनं कधी स्वतःहून उचललं नाही. एप्रिल निम्मा सरला तरी त्या ओळीपुढे शलाका 'नाही' असंच लिहीत राहिली. पूर्वीची शलाका असती तर तिनं 'अंशतः' लिहिलं असतं.

एका दुपारी शलाका दुसऱ्या मुलाला आकडी आली म्हणून त्याच्यापाशी होती. हौसाबाई मागच्या अंगणात सतरंज्या झटकत होत्या. कस्तुरी त्यांच्यापाशी गेली, कमरेच्या कडीतून चित्र ओढून काढलं आणि त्यांच्या धुळकट हातात ठेवलं. मग आपली करंगळी पुढे केली. बाकाच्या लाकडाची एक बारीक सल नखाखाली गेली होती.

हौसाबाईंनी सुईनं सल काढली. मग त्या शलाकाला शोधत आल्या आणि ते चित्र तिच्यापुढे धरून दारातच बसल्या.

"बाई, हिनं मला सांगितलं वो. मला. माझ्यापाशी येऊन सांगितलं."

शलाकाला त्या क्षणी जे वाटलं ते तिनं नंतर मला सांगितलं, म्हणून तसंच सांगतो. आधी तिला वाईट वाटलं. मला सोडून यांना सांगितलं, असं वाटलं. मग तिला स्वतःची इतकी चीड आली की ती हौसाबाईंच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसली. जानेवारीत बोलली होती त्याची तिनं तिथंच माफी मागितली. हौसाबाईंनी ती ऐकली की नाही कोण जाणे, त्या चित्रच बघत होत्या.

मे महिन्याच्या शेवटी कस्तुरीची आई तिला न्यायला आली. दोन पिशव्या, एक ट्रंक. कस्तुरीला नवा पंजाबी ड्रेस घातला होता, आणि कमरेला ती चित्रांची कडी होती. मुलं, हौसाबाई, गुरुजी, सगळे फाटकापाशी जमले. शलाकानं ठरवलं होतं की रडायचं नाही, पण रिक्षा आली आणि तिचा निश्चय ढासळला. ती पुढे झाली आणि दोन्ही हात पसरून कस्तुरीला जवळ घ्यायला गेली. चार वर्षं ती तशी घेत आली होती, आणि कस्तुरी प्रत्येक वेळी निमूट उभी राहत आली होती.

कस्तुरीनं कडी चाचपली. एक चित्र काढलं. शलाकाच्या पसरलेल्या हातांपैकी उजव्या तळव्यात ते ठेवलं आणि तिच्याकडे सरळ पाहिलं.

'नको.'

आई ओशाळली. "अगं, बाईंना असं करतात का? एवढं केलं त्यांनी तुझ्यासाठी. ये, जवळ जा बघू." आणि तिनं कस्तुरीला पाठीतून पुढे ढकलायला हात उचलला.

"ताई, थांबा," शलाका म्हणाली. आवाज इतका कडक होता की आईचा हात हवेतच राहिला. "तिनं नको म्हटलंय."

शलाका दोन पावलं मागे सरकली आणि हात खाली घेतले. चित्रावर बोट ठेवून ती म्हणाली, "नको. बरं." आणि ते चित्र तिनं परत कडीत अडकवून दिलं. केळं मागे घेतलं की कस्तुरीचे खांदे जसे खाली येत, तसे ते आत्ता खाली आले. चार वर्षं त्या खांद्यांवरून पंखा हवा की नको ते ओळखणाऱ्या बाईला, प्रत्येक मिठीच्या वेळी ते वर चढत होते, हे कधी दिसलं नव्हतं. कस्तुरी रिक्षात बसली, आणि रिक्षा गेली.

गुरुजी फाटकाची कडी लावत होते. शलाका त्यांच्यापाशी जाऊन म्हणाली, "तिला कधीच आवडत नव्हतं ते. एवढी वर्षं. आणि मला वाटायचं की मला तिचं सगळं कळतं."

गुरुजी म्हणाले, "मलाही तसंच वाटायचं. चल, वर्गात चौघं वाट बघतायत."

ती वर्गात गेली, आणि एका मुलाच्या समोर नव्हे, पाठीमागे जाऊन बसली.

तुमच्या घरात ज्याचं तुम्हाला सगळं न बोलता कळतं, त्याला आज एकदा विचारून पाहा, आणि उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवा.